रावबहादूर धुरंधर : कोल्हापूरचा मुंबईकर चित्रकार

कोल्हापूरला कलापूर म्हणायची आपली सवय जुनी. कुणी पुरावा मागितला की आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी अशी नावं आपण एका दमात सांगतो. या यादीत एक नाव बहुतेक वेळा राहून जातं, ते महादेव विश्वनाथ धुरंधर यांचं. १८ मार्च १८६७ रोजी ते कोल्हापुरात जन्मले, इथल्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकले, चित्रकलेची बाराखडी त्यांनी इथंच गिरवली. पुढं सगळं आयुष्य मुंबईत गेलं, म्हणून आपण त्यांना मुंबईला देऊन टाकलं. आपल्या सोसायटीतली मुलं दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात. त्यांना तरी हा माणूस माहीत असावा, एवढ्यासाठी हा लेख.

घर पाठारे प्रभूंचं. हा समाज मूळचा मुंबईतला, शिकलेला, कचेऱ्यांतून नोकऱ्या करणारा. अशा घरातल्या मुलानं शिकावं, चांगल्या हुद्द्यावर लागावं, एवढीच साधारण अपेक्षा असणार. चित्रं काढणं हा त्या काळी व्यवसाय होता तो देवादिकांच्या मूर्ती घडवणाऱ्यांचा, भिंती रंगवणाऱ्यांचा. पांढरपेशा घरातल्या मुलानं त्यावर पोट भरायचं, हे कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. पण महादेवला चित्रांचा नाद लागला, आणि त्या नादाला वाट दाखवणारा माणूस गावातच होता. तो म्हणजे आबालाल रहिमान.

आबालालांबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, तरी थोडं सांगतो, कारण धुरंधरांची गोष्ट त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आबालालांच्या घरी कुराणाच्या हस्तलिखित प्रती सुशोभित करण्याचं काम चाले. त्या बारीक कामातून त्यांचा हात तयार झाला. पुढं ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले आणि व्हाइसरॉयचं पदक मिळवून आले. म्हणजे कोल्हापुरातल्या एका पोराला मुंबईची ही वाट चालण्यासारखी आहे हे दिसलं, ते आबालालांमुळं. धुरंधरांनी पहिले धडे त्यांच्याकडंच घेतले.

१८९०च्या जानेवारीत महादेव धुरंधर जे. जे.मध्ये दाखल झाले. तेव्हा वय तेवीसच्या आसपास. आज आपण रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. त्यांच्या वेळी कोल्हापूरला स्टेशनच नव्हतं. मिरजेहून इथवर रेल्वे आली ती १८९१ साली. गाव सोडून मुंबईला जाणं म्हणजे खरोखरच गाव सोडणं होतं.

जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालेलं. धुरंधर गेले तेव्हा तिथं जॉन ग्रिफिथ्स हे प्रिन्सिपॉल होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करवून घेणारे हेच ते ग्रिफिथ्स. शिक्षणाची पद्धत इंग्लंडमधली. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, तेही महिनोन्महिने. उजेड कुठून पडतो, सावली कुठं गडद होते, कुठं विरते, हे हाताला वळण लागेपर्यंत काढायचं. मग जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास. त्यानंतर रंग. मी स्वतः शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं आहे, त्यामुळं सांगतो, ही पद्धत कंटाळवाणी आहे आणि तिला पर्याय नाही. माणसाचा चेहरा काढताना नाक-डोळे जमवणं सोपं. डोकं मानेवर नीट बसवणं अवघड. ते या पुतळ्यांच्या कवायतीतूनच येतं. धुरंधरांच्या कुठल्याही चित्रात पाहा, माणूस पाठमोरा असला तरी त्याची मान बरोबर बसलेली असते.

मुंबईत त्या वेळी बॉम्बे आर्ट सोसायटी नवीनच निघाली होती, १८८८ साली. ती साहेब लोकांची. हौसेनं जलरंगात चित्रं काढणारे अधिकारी, त्यांच्या मडमा, असा सगळा मेळा. दरवर्षी प्रदर्शन भरायचं आणि बक्षिसं दिली जायची. धुरंधरांना १८९२ साली, म्हणजे शाळेत जाऊन दोनच वर्षं झाली असताना, तिथं बक्षीस मिळालं. आणि १८९५ साली ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हे पदक मिळवणारे ते पहिले हिंदी चित्रकार. नाव इंग्रजीत असलं तरी ते ऐकताना दारात उभं राहून कुणीतरी लक्ष्मीला, आलीस का बाई, असं विचारल्यासारखं वाटतं. साहेबाच्या प्रदर्शनात साहेबाचं पदक घेणारं चित्र, आणि त्याच्या नावात आपल्या घरातली हाक. धुरंधर पुढं जे काही झाले, त्याची खूण मला या नावातच दिसते.

लगेच १८९६ साली त्यांना जे. जे.मध्येच शिक्षकाची नोकरी लागली. पाठोपाठ मुंबईत प्लेग आला. १८९७ साली त्यात त्यांची पत्नी बापूबाई गेली. तिशीचा तरुण, हातात नुकतंच आलेलं नाव, नुकतीच लागलेली नोकरी, आणि घर रिकामं. पुढं गंगूबाईंशी त्यांचं दुसरं लग्न झालं. आपल्या घरच्या माणसांना समोर बसवून त्यांनी जी रेखाटनं केली, ती त्यांच्या मोठमोठ्या तैलचित्रांपेक्षा मला जास्त जवळची वाटतात. तिथं कुणाला खूश करायचं नव्हतं.

आता आबालालांकडं पुन्हा जाऊ. मुंबईतलं शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरला परतले आणि कायमचे इथलेच झाले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. ते कोटितीर्थाच्या काठी राहिले, लग्न केलं नाही, रंकाळा, संध्यामठ, झाडं, पाणी, उजेड रंगवत राहिले. रंग विकत घ्यायला पैसे नसले की दगड, माती, पानं यांचे रंग घरीच करायचे, असं सांगतात. १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असंही जुनी माणसं सांगत आली आहेत. उरलं ते थोडं. टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांतलं काही पाहायला मिळतं. पाहिलं नसेल तर या रविवारी जाऊन या, आपल्यापासून लांब थोडंच आहे.

एकाच गावातली, एकाच शाळेत शिकलेली, दोघंही पदकवाले. एक कोटितीर्थावर जाऊन बसला, दुसऱ्यानं मुंबईत नोकरी धरली. आपल्याकडं पहिल्याला खरा कलावंत म्हणायची आणि दुसऱ्याला नोकरदार म्हणून बाजूला सारायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. राजाश्रय हा एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला असतो. राजा गेला की संपला. पगार लहान असला तरी पहिल्या तारखेला येतो. त्या पगाराच्या जोरावर धुरंधरांनी चार्‍ही दिशांनी काम केलं, आणि ते काम छापलं गेलं, विकलं गेलं, घराघरांत गेलं, म्हणून टिकलं. त्यासाठी त्यांनी काय मोजलं ते पुढं येईलच.

काम तरी किती! तैलरंगातली व्यक्तिचित्रं, पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग, जलरंगातली निसर्गचित्रं, पुस्तकांची चित्रं, मासिकांची चित्रं, पोस्टकार्डं, देवादिकांच्या छापील तसबिरी. रविवर्म्यांच्या छापखान्यानं १८९४पासून देवांना भिंतीवर आणलं होतंच. त्या बाजारात धुरंधरांची चित्रंही होती. रविवर्म्यांच्या बायका देखण्या, पण बहुतेक वेळा आपल्यासमोर येऊन बसलेल्या. धुरंधरांच्या बायका चालत असतात. पाण्याला, देवळाला, बाजाराला निघालेल्या. नऊवारीचा काष्टा चालताना कसा खेचला जातो, डोक्यावर भार असला की कमरेला कसा बाक येतो, पदर कुठल्या खांद्यावरून कसा येतो, हे त्यांनी इतकं बारकाईनं पाहिलं होतं की कोळीण कुठली, भाजीवाली कुठली, प्रभूंच्या घरातली सून कुठली, हे चेहरा न पाहताही ओळखू यावं.

व्यक्तिचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खुर्चीवर बसलेले, पागोटं घातलेले, छातीवर साखळी मिरवणारे कुणीतरी आजोबा येतात. तसली कामं त्या काळच्या प्रत्येक चित्रकाराला करावी लागायची, कारण पैसा तिथंच होता. फोटो काढण्याची सोय झाली होती, पण फोटो लहान आणि काळा-पांढरा. दिवाणखान्यात मिरवायला तैलचित्रच लागायचं. गिऱ्हाईक म्हणणार, चित्र हुबेहूब पाहिजे. आणि त्याच्या मनात असणार, हुबेहूबपेक्षा जरा बरं पाहिजे. या दोन्हींच्या मधून चित्रकारानं वाट काढायची. धुरंधरांना ती चांगली जमायची. पण माझ्या मते त्यांचं व्यक्तिचित्रणातलं खरं सामर्थ्य दिसतं ते गर्दीत. लग्नसमारंभाचं चित्र घ्या. बोहल्यावर वधूवर, आजूबाजूला करवल्या, म्हाताऱ्या, पोरंसोरं, भटजी. यातला एकही चेहरा नुसता भरतीचा नाही. कुणी कंटाळलेली आहे, कुणी दुसरीच्या दागिन्याकडं बघते आहे, एखादं पोर आईच्या पदराला लोंबकळतं आहे. आपापल्या लग्नाचे अल्बम काढून बघा, हीच माणसं दिसतील. फक्त कपडे बदललेत.

पुस्तकांतल्या चित्रांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या घरातली आहेत. आपल्या आई-आज्या श्रावणात आदित्यराणूबाईची, सोमवारची, शुक्रवारची कहाणी सांगायच्या. हातात तांदळाचे दाणे घेऊन आपण ऐकायचो आणि साठा उत्तराची कहाणी कधी सुफळ संपूर्ण होते आणि पुरण मिळतं याची वाट बघायचो. चार्ल्स किंकेड नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्यानं या कहाण्या इंग्रजीत आणल्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे ते पुस्तक, १९१४ सालचं. त्याला चित्रं धुरंधरांची. विलायतेतल्या पोरांनी आपल्या शुक्रवारच्या कहाणीतली सवाष्ण पाहिली ती कोल्हापुरात वाढलेल्या माणसाच्या हातची. त्याआधी १९१२ साली मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ला त्यांनी चित्रं दिली. त्यात मुंबईच्या गल्लीबोळांतलं जग आहे. पुढं १९२० साली ऑटो रॉथफिल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी देशातल्या नाना जातीजमातींच्या स्त्रिया त्यांनी रंगवल्या. आज ही पुस्तकं वाचताना साहेबाचा मजकूर अधूनमधून खटकतो. आमच्या लोकांकडं प्राणिसंग्रहालयात बघावं तसं बघण्याची ती नजर. पण चित्रं तशी नाहीत. चित्रातली बाई ही कुणाची तरी आई, बहीण, शेजारीण असते. मजकूर एकाचा आणि नजर दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

नोकरीत ते पायरी पायरीनं वर चढले. १९१० साली हेडमास्तर झाले. ड्रॉइंगचे इन्स्पेक्टर म्हणून गावोगावच्या शाळांतलं काम तपासायची जबाबदारीही त्यांच्याकडं आली. आपल्या मुलांच्या ज्या ग्रेड परीक्षा आहेत, त्यांची मुळं याच व्यवस्थेत आहेत. पण हेडमास्तरच्या वर प्रिन्सिपॉल, आणि प्रिन्सिपॉलची खुर्ची साहेबाची. ग्रिफिथ्स गेले, पुढं सेसिल बर्न्स आले, ते गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. दर वेळी नवा साहेब विलायतेहून यायचा, आणि त्याला शाळा समजावून द्यायला धुरंधर असायचे. सुवर्णपदक मिळवलेला, देशभर नाव झालेला, हजारो विद्यार्थी हाताखालून गेलेला माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहिला. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या आपल्या सभासदांना यातलं काय टोचतं ते कळेल. त्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

त्यात दुसऱ्या बाजूनंही मार होताच. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या मंडळींनी देशी शैलीचा झेंडा उभारला. पाश्चात्त्य पद्धतीनं छायाप्रकाश दाखवून चित्रं काढणं म्हणजे गुलामी, असं म्हटलं जाऊ लागलं. मुंबईची शाळा या वादात आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात. साहेबाच्या लेखी धुरंधर हिंदी, आणि देशी शैलीवाल्यांच्या लेखी साहेबी. ही कुचंबणा त्या पिढीच्या सगळ्याच चित्रकारांची झाली, पण धुरंधरांची सर्वांत जास्त, कारण ते शाळेच्या आतच होते.

त्या वादात तथ्य काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. धुरंधरांची काही मोठी ऐतिहासिक चित्रं मला नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखी वाटतात. सगळी पात्रं आपापल्या जागी, हात वर करून, पडदा पडायची वाट बघत उभी. शिवराज्याभिषेकाचं चित्र भव्य आहे, पण मला विचाराल तर त्याच माणसानं तळहाताएवढ्या कागदावर जलरंगात काढलेली पाणी भरणारी बाई जास्त जिवंत आहे. पण नुसती शैली पाश्चात्त्य म्हणून चित्र परकं, हे मात्र खोटं. आपल्या शंभर वर्षांपूर्वीच्या लग्नघरात, घाटावर, बाजारात काय दिसत होतं ते पाहायचं असेल तर देशी शैलीच्या स्वप्नाळू चित्रांत ते सापडत नाही, धुरंधरांकडं सापडतं.

१९२७ साली सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथल्या सचिवालयात कायदा सदस्यांच्या दालनात भित्तिचित्रं रंगवण्याचं काम त्यांच्याकडं आलं. साठीला आलेला माणूस. आणि १९३० साली ती खुर्ची एकदाची मिळाली. जे. जे.चे ते पहिले हिंदी संचालक झाले, पण थोड्याच काळासाठी. त्यांच्यानंतर पुन्हा साहेबच आले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दारातून नवखा विद्यार्थी म्हणून आत गेले, त्या इमारतीचा कारभार निवृत्तीच्या तोंडावर काही दिवस हाती येणं याला सन्मान म्हणावं की थट्टा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. १९३१ साली ते निवृत्त झाले. त्याच साली इकडं कोल्हापुरात आबालाल वारले.

निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक १९४० साली निघालं. चित्रकारानं मराठीत आपल्या व्यवसायाबद्दल इतक्या तपशिलानं लिहिणं ही त्या वेळी दुर्मीळ गोष्ट होती. आजही फारशी होत नाही. पुस्तकाच्या नावातच बघा, पदकं नाहीत, रावबहादूर नाही, आहेत ती शाळेत घालवलेली वर्षं. मोजून एकेचाळीस. शाळेला त्यांनी मंदिर म्हटलं, आणि मंदिरात गाभाऱ्याची किल्ली कुणाकडं असते याला पुजारी फार महत्त्व देत नाही. निदान पुस्तकात तरी त्यांनी तसं दाखवलेलं आहे.

त्यांची मुलगी अंबिका, जन्म १९१२चा. मुलींनी चित्रकलेच्या शाळेत जाणं फारसं कुणाला रुचत नव्हतं त्या काळात त्यांनी तिला जे. जे.मध्ये घातलं. वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, १९३१ साली, मुलगी पदविका घेऊन बाहेर पडली. ती बापाच्याच वळणाची चित्रं काढत राहिली. खारच्या घराचं नाव अंबासदन. मुलगी अंबिका, घर अंबासदन, मुक्काम मुंबई. करवीरात जन्मलेल्या माणसाच्या घराला हे नाव का, यावर मी काही लिहीत नाही. आपण सगळे रोज अंबाबाईच्या कळसाला हात जोडणारी माणसं आहोत.

१ जून १९४४ रोजी मुंबईत धुरंधर वारले. त्यांच्यामागं चित्रकलेची हवा झपाट्यानं बदलली. तीनच वर्षांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला आणि धुरंधरांसारख्यांची चित्रं कॅलेंडरवाल्यांची म्हणून अडगळीत गेली. अंबिकाबाईंनी मात्र वडिलांचा ठेवा सांभाळला. त्यांनी लग्न केलं नाही, २००९ साली शहाण्णव वर्षं पुरी करून त्या गेल्या. तोवर ती चित्रं, ती रेखाटनं एका लेकीनं जपून ठेवलेली होती, म्हणूनच २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरू शकलं. लोक रांगा लावून पाहायला गेले, त्यात कोल्हापूरहून गेलेलेही होते.

आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. सातारा जिल्ह्यातलं औंध इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारलं. तिथं रविवर्मा आहेत, बाबूराव पेंटर आहेत आणि धुरंधरही आहेत. सोसायटीच्या यंदाच्या सहलीचं ठिकाण अजून ठरलेलं नाही. महाबळेश्वर आणि गणपतीपुळे दोन-दोनदा होऊन गेलंय. समितीनं औंधचा विचार करावा. जाताना मुलांना वही-पेन्सिल घ्यायला सांगावं, आणि धुरंधरांच्या चित्रासमोर नेऊन एवढंच विचारावं की या बाईनं पदर कुठल्या खांद्यावरून घेतलाय. उत्तर मुली आधी देतील.